मागचा डावा

"त्याला नका बसवू तिथं. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही," म्हातारा म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून त्यानं नाक शिंकरलं.

झालं एवढंच. टीव्ही-स्पीकरच्या दुकानाच्या मागच्या बाजूला ती खोली होती. भिंतींना गालिचा मारलेला, खिडकी नाही, समोर एक मोठा पडदा आणि मधोमध दोन माणसांचा सोफा. निळ्या शर्टातला सेल्समन त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सोफ्यावर बसवत होता. "साहेब, हीच ती जागा. इथं बसलात की आवाज बरोबर चारही बाजूंनी येणार. मी भुंग्याचा आवाज सोडतो, तुम्ही फक्त बोटानं दाखवा कुठाय ते." आणि तो बसायला अर्धा वाकलेला असताना मागून म्हातारा, म्हणजे त्याचा बाप, हे बोलला. आवाजात काही नव्हतं. त्याला साखर चालत नाही, असं एखाद्या पाहुण्याबद्दल सांगावं तसं. सेल्समन म्हणाला, "असं होय, मग काकांना बसवू या," आणि म्हाताऱ्याचा हात धरून त्यानं त्याला सोफ्यावर बसवलंसुद्धा. तो मात्र तसाच अर्धवट वाकून उभा राहिला. पाठीला रग लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अजून सरळ झालेलो नाही.

कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यानं ते सांभाळलं होतं. जेवायला बसताना डावीकडची कडेची खुर्ची त्याची, पलंगाची डावी कड त्याची, रस्त्यानं चालताना बायको कायम उजवीकडे. लग्नानंतर पहिल्या पहिल्यांदा तिला वाटायचं की रहदारीच्या बाजूला हा स्वतः चालतो, किती काळजी घेतो. रहदारी दुसऱ्या बाजूला असली की तिचं कोडं सुटायचं नाही, मग तिनं विचार करणं सोडून दिलं. त्याला थोडं कमी ऐकू येतं हे तिला माहीत होतं, पण त्याचं खापर तिनं कारखान्यातल्या मोटरीवर फोडलं होतं. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, कुणाकुणाचे रिकामे जबडे, आणि हा त्यात मेणावर एकेक दात बसवत दिवस काढायचा, मग मोटरीवर घासून चकचकीत करायचा. त्या घरघरीत कुणी कुणाशी बोलायचंच नाही, म्हणून तर त्यानं ते काम धरलं होतं. आणि जेव्हा बोलावंच लागायचं तेव्हा त्याचा एक ठरलेला तोडगा होता. डावीकडून कुणी काही बोललं, ओठ हलताना दिसले पण शब्द पोहोचले नाहीत, की तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हो." कारखान्यात त्याचं नाव होयबा पडलं होतं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या माणसानं डावीकडून येऊन आपला बाप गेल्याचं सांगितलं. हा हसून म्हणाला, "हो? छान झालं." तो माणूस नंतर कधी त्याच्याशी बोलला नाही, आणि तरीसुद्धा त्यानं कानाचं सांगितलं नाही. माणसाला बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा नालायक म्हणवून घेणं त्याला सोपं गेलं.

आणि हा म्हातारा एका वाक्यात ते एका परक्या माणसाला सांगून मोकळा झाला. लाज वाटली ती निराळी, पण खरा घाव दुसरीकडेच बसला होता, आणि तो कुठं ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. म्हाताऱ्याला माहीत होतं. म्हणजे केव्हापासून? कारण ज्या कानाला ऐकू येत नव्हतं तो म्हाताऱ्यानंच घालवला होता, आणि हे म्हाताऱ्याला माहीत नाही, या एका समजुतीवर त्याचा आजवरचा सगळा संसार उभा होता. लहानपणापासून त्यानं एक वाक्य राखून ठेवलं होतं. म्हातारा अंथरुणाला खिळेल, शेवटचे दिवस येतील, तेव्हा आपण त्याच्या कानाशी लागून सांगायचं, नाना, माझा हा कान तुम्ही फोडलात, तुम्हाला पत्ताच नाही. हे वाक्य त्यानं न्हाणीघरात, बसथांब्यावर, मेणावर दात बसवताना हजारदा घोळवलं होतं. कधी रागानं म्हणायचा, कधी शांतपणे, कधी अगदी दयेनं. आता त्या वाक्यात काही अर्थच उरला नव्हता. माहीत असलेल्या माणसाला ते काय सांगायचं? आता एकच गोष्ट उरली होती. ते म्हाताऱ्यानं म्हणायला हवं होतं. आपल्या तोंडानं, स्पष्ट शब्दांत, की मी केलं. त्याला माफी वगैरे नको होती. त्याला फक्त ते ऐकायचं होतं.

"सोडा भुंगा," म्हातारा म्हणाला आणि एक बोट वर करून बसला.

सेल्समननं रिमोट दाबला. याच्या एका कानाला ती नुसती एक गुणगुण होती, खोलीत कुठूनही येणारी, जवळ नाही, लांब नाही. पण म्हाताऱ्याचं बोट फिरायला लागलं. समोरून उजवीकडे, उजवीकडून हळूहळू मागे, डोक्याच्या वरून डाव्या खांद्याशी, तिथं जरा थांबलं आणि पुन्हा पुढे. उतारवयात डोळे गेलेल्या त्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत चाललं होतं. ओठ किंचित उघडे, मान ताठ. वर्षानुवर्षं खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेला हा माणूस अचानक तरणा दिसायला लागला, आणि याला त्याची किळस आली. लहानपणी असंच बोट याचं फिरायचं. म्हातारा तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान, टेबलावर पोट उघडे पडलेले रेडिओ आणि कायम एक जळका वास. गिऱ्हाईक नसलं की म्हातारा, म्हणजे तेव्हाचे नाना, मोठ्यानं हसणारे, दंडावर काळ्या तेलाचे डाग असलेले नाना, त्याला जवळ बोलवायचे. हात पुसायच्या फडक्यानं त्याचे डोळे बांधायचे. मग एक छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन खोलीत मांजरीच्या पावलांनी फिरायचे. "कुठाय?" हा बोट दाखवायचा. "आता कुठाय?" टेबलाखाली, दाराच्या मागे, अगदी छताजवळ स्टुलावर चढून. तो एकदाही चुकायचा नाही. नाना फडकं सोडायचे आणि त्याला उचलून गिऱ्हाइकांना दाखवायचे, "कान बघा माझ्या पोराचा! देवानं काय कान दिलाय." त्या वेळी त्याला जे वाटायचं तसं पुढे आयुष्यात कधीही वाटलं नाही, लग्नात नाही, पहिल्या पगाराला नाही. हे आठवणंही त्याला आता सोसत नसे.

मग तो दिवस. कुणा गिऱ्हाइकाचा मोठा लाकडी रेडिओ दुरुस्त होऊन टेबलावर ठेवला होता. त्यानं बटण फिरवलं, जास्त फिरवलं, आतला दोरा तुटला आणि स्टेशन दाखवणारा काटा एका बाजूला लुळा पडला. नाना बाहेरून आले, त्यांनी काटा पाहिला. ओरडले नाहीत. उघडा तळवा, सपाट, डाव्या कानावर. दुखल्याचं त्याला आठवत नाही, आठवते ती शिट्टी. डोक्यात एक बारीक लांबलचक शिट्टी सुरू झाली आणि कित्येक दिवस वाजत राहिली. उशीवर पिवळसर डाग पडायचे, ते तो उशी उलटी करून लपवायचा. मग एक दिवस शिट्टी थांबली आणि तिच्याबरोबर त्या बाजूचं जगही थांबलं. नाना पुन्हा खुशीत आल्यावर त्यांनी फडकं काढलं, डोळे बांधले. "कुठाय?" आणि त्याला कळेना. आवाज होता, पण त्याला बाजूच नव्हती. त्यानं अंदाजानं बोट दाखवलं. "चूक. लक्ष कुठाय तुझं? कुठाय?" पुन्हा चूक. त्यानं विचारलं, "काय?" आणि तोंडावर हात बसला. तेव्हापासून प्रत्येक चुकीला एक. 'काय' म्हटलं तर दोन. गिऱ्हाइकांसमोरही. म्हणून तो शिकला. फडक्याखालून नानांच्या पावलांची सावली पाहायला, त्यांच्या श्वासाचा वारा गालाला कुठून लागतो ते ओळखायला, तंबाखूचा वास कुठून येतो ते हुंगायला. 'काय' हा शब्द त्याच्या जिभेवरून कायमचा गेला. आणि एके दिवशी नानांनी काही न बोलता ते फडकं खुंटीला अडकवलं आणि तो खेळ पुन्हा कधी काढला नाही. नानांचं मन त्याच्यावरून उडालं, असा त्यानं अर्थ लावला होता. आता तो उभ्या उभ्या त्या दिवसाशी आला आणि थबकला. तर त्या दिवशी कळलं त्यांना. की त्याच्याही आधी कळलं होतं आणि तरी मारत होते, मारून कान परत येतो का ते पाहत होते?

"काका, तुमच्यासारखा कान मी पाहिला नाही," सेल्समन म्हणाला. त्याला आता कळून चुकलं होतं की सौदा सोफ्यावर बसलेल्या माणसाशी करायचा आहे. "आता तुमच्या बजेटमधले तीन सेट लावतो. तिन्हीला मागे दोन स्पीकर आहेत. फरक तुम्हीच सांगा."

सेट घ्यायची कल्पना बायकोची. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर होती, दिवसभर आजारी माणसांशी बोलून घरी आली तरी तिच्यात सगळ्या जगासाठी माया उरलेली असायची, आणि त्याला ती कधीकधी अंगावर यायची. म्हाताऱ्याचा जुना रेडिओ बंद पडला, सुटे भाग मिळेनात, तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, नानांना दिसत नाही तर निदान ऐकू तरी द्या की छान काहीतरी. माझ्या भावानं नाही का घेतला, सिनेमा लावला की आपण आत बसल्यासारखं वाटतं. फार महाग नको, पण बरा बघा. आणि नानांनाच घेऊन जा, त्यांना कळतं त्यातलं." तो नेहमीप्रमाणे हो म्हणाला होता. चारही बाजूंनी येणारा आवाज त्याच्या कुठल्याच कामाचा नव्हता. त्याच्या जगाला एकच भिंत होती, पण हे तिला सांगायचं कसं?

पहिला सेट छोटा होता. म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. दुसऱ्याला त्यानं लगेच हात झटकला. "खोका वाजतोय, आवाज नाही." तिसऱ्याबरोबर एक मोठं काळं खोकं होतं, धमाका करणारं. ते वाजलं तेव्हा सोफा हादरला, म्हातारा दचकला आणि त्याचे दोन्ही हात आपोआप कानांकडे गेले. फार थोडा वेळ, पण त्यानं ते पाहिलं.

"पहिला घे," म्हातारा म्हणाला. "आवाज लहान आहे, पण खरा आहे. हा तिसरा माणसाला बोलूच देत नाही."

"तिसरा बांधून द्या," तो सेल्समनला म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्या दिशेनं तोंड वळवलं. बरोबर त्याच्या तोंडाकडे, इंचभरही इकडेतिकडे नाही.

परत येताना टॅक्सीत खोकं दोघांच्या मध्ये होतं. म्हातारा त्यावर हात ठेवून बसला होता. यानं दोनदा घसा खाकरला, खिडकीबाहेर पाहिलं आणि मग विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"काय?"

'काय' हा शब्द म्हातारा किती सहज वापरतो, त्याला कुणी मारत नाही. "माझ्या कानाचं."

म्हाताऱ्यानं खोक्यावर बोटांनी ताल धरला. मग म्हणाला, "मागचा डावा खाटेला चिकटवून लावू नकोस. थोडा लांब ठेव. नाहीतर सारखा कानाशी बडबडत राहील."

"मी काय विचारतोय, नाना?"

"ऐकलं मी. मला ऐकू येतं." टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. त्या क्षणी टॅक्सीचं दार उघडून म्हाताऱ्याला रस्त्यावर ढकलून द्यावं असं याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट अंग हलकं झालं.

त्यानं मागचा डावा खाटेला चिकटवून लावला. मागचा उजवाही. बाहेरच्या खोलीत मागच्या भिंतीशी म्हाताऱ्याची खाट होती, तिच्या उशाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खिळे ठोकून, झोपलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. काळं खोकं खाटेखाली सरकवलं. बायको म्हणाली, "अहो, एवढे जवळ?" तो म्हणाला, "वायर पुरत नाही." ती हौसेनं एक सिनेमा लावून बसली, सुरुवातीचा पाऊस ऐकून म्हणाली, "अगं बाई, वाळत घातलेले कपडे भिजले असंच वाटलं मला!" आणि खूप हसली. म्हातारा उशीला टेकून बसला होता, तोही हसला. बायको घरात असताना सेट असाच वाजायचा, बेतानं. त्या दोघांचं त्यावरून छान जमलं. "नाना, आता घोडे कुठून आले सांगा?" "तुझ्या स्वयंपाकघरातून आले गं, बघ काही सांडलं का." तो कडेच्या खुर्चीत बसून ते पाहायचा. आपल्या बायकोशी हा माणूस तो खेळ खेळतोय, आणि ती हसतेय. ती चुकली तर तिला कोण मारणार आहे?

ज्या सुट्टीच्या दिवशी बायकोची दुपारची पाळी असे त्या दिवशी मात्र तो जेवण झाल्यावर रिमोट हातात घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं नुसता आवाज जरा वाढवला, म्हातारा झोपेतून दचकून उठेल इतका. मग थोडा आणखी. लढाईचे सिनेमे, मोटारींचे सिनेमे, घरं कोसळण्याचे सिनेमे. त्याला त्यातलं काही पाहायचं नसायचं. तो खुर्ची खोलीच्या मधोमध घेऊन पडद्याकडे तोंड करून बसायचा आणि समोरच्या कपाटाच्या काचेत मागच्या खाटेचं प्रतिबिंब पाहायचा. म्हातारा आधी कूस बदलायचा, मग उशी कानावर घ्यायचा, मग उठून बसायचा. "जरा कमी कर रे," एकदा म्हणाला. "काय?" तो म्हणाला. इतक्या वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला आणि त्याला जिभेवर गोड लागला. "काय म्हणालात, नाना? ऐकू येत नाही." म्हातारा पुन्हा म्हणाला नाही. सुनेपाशी म्हाताऱ्यानं अवाक्षर काढलं नाही, आणि काढणार नाही याची त्याला खात्री होती. या घरात कुणी कुणाची तक्रार करत नसे, तो गुण त्यानं याच माणसाकडून घेतला होता.

घर म्हाताऱ्याला आवाजावर पाठ होतं. फ्रिज जिथं गुणगुणतो तिथं स्वयंपाकघराचं दार. घड्याळ टिकटिकतं त्याच्या खाली न्हाणीघराकडे जायचा बोळ. रस्ता ऐकू येतो ती खिडकी. काठी न घेता तो घरभर फिरायचा, कधी कशाला धडकायचा नाही, शेजारची माणसं कौतुक करायची. त्या रविवारी बायको दुकानात गेली, आणि यानं आवाज पूर्वी कधी नेला नव्हता तिथवर नेला. पडद्यावर एक शहर जळत होतं. माणसं ओरडत पळत होती, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, खाटेखालचं खोकं एकेका धक्क्यानं फरशी हलवत होतं. काचेत त्याला दिसलं की म्हातारा खाटेवरून उतरला. लघवीला जायचं असणार. दोन पावलं नीट टाकली आणि थांबला. फ्रिज नव्हता, घड्याळ नव्हतं, रस्ता नव्हता. त्यानं हात पुढे केले. एका बाजूला वळला, पुन्हा दुसऱ्या बाजूला वळला. आता तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. मग ओरडला, आणि तो आवाज कसाबसा याच्या उजव्या कानापर्यंत आला. "अरे, कुठायस तू?"

तो खुर्चीतून हलला नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "ओळखा."

मग, याला अपेक्षा नव्हती तसं, म्हाताऱ्याचा उजवा हात वर आला आणि एक बोट पुढे झालं. ते खिडकीकडे होतं.

"चूक," तो म्हणाला. "लक्ष कुठाय तुमचं? कुठाय?"

बोट फिरलं. आता बोळाकडे.

"चूक."

म्हाताऱ्याच्या लेंग्यावर ओला डाग पसरत खाली उतरत होता. काचेत ते स्पष्ट दिसलं. त्यानं पाहिलं आणि आवाजाचं बटण एकदा आणखी दाबलं. आता थांबवता येईल असं त्याच्या मनात येत होतं, पण ते कुणा दुसऱ्याच्या मनात यावं तसं लांबून येत होतं. अजून एकदा चुकू दे, मग बंद करू. म्हातारा आता बोट दाखवत नव्हता. तो हात चाचपडत पुढे येत होता, स्टुलाला धडकला, गुडघ्यावर पडला, उठला. काचेत तो मोठा होत गेला आणि मग काचेच्या चौकटीत मावेनासा झाला. खुर्चीच्या पाठीला हात लागला. मग तो हात त्याच्या केसांवर आला, कपाळावरून नाकावर उतरला, ओठांवर. कुठल्या दिशेला तोंड आहे ते पाहत होता. किती वर्षांनी त्या हातानं त्याला हात लावला होता. मारणार, असं वाटून त्याचे डोळे आपोआप मिटले.

पण हात मारायला आला नव्हता. उघडा तळवा, सपाट, त्याच्या उजव्या कानावर येऊन घट्ट बसला आणि त्यानं त्याचं डोकं आपल्याकडे ओढून धरलं. जळणारं शहर दूर गेलं. आणि डाव्या कानाशी मिशांचे खुंट टोचले, ऊन श्वास लागला. म्हातारा बोलत होता. बोलतोय एवढंच त्याला कळत होतं, कारण श्वास तुटक तुटक येत होता, ओठ कानाच्या पाळीला लागत होते, मध्येच थुंकीचा शिंतोडा उडाला. म्हातारा थांबला, गिळलं, पुन्हा बोलायला लागला. पुष्कळ बोलला. एकदा सगळं अंग हुंदक्यानं हललं ते त्याच्या खांद्याला कळलं. त्यानं डोकं सोडवायला झटका दिला, उजवा कान पुढे करायची धडपड केली, पण म्हाताऱ्यात कुठून ताकद आली होती कोण जाणे, तळवा हलेना. ज्या आवाजाला बाजू नसते त्या गोंधळात म्हाताऱ्याची डाव्या-उजव्या कानाची गल्लत झाली होती का? की त्यानं बरोबर ओळखून, ज्या कानाला कळणार नाही त्याच कानाला सांगितलं? हे आता त्याला कधीच कळणार नव्हतं.

दारात किल्ली वाजली असेल, त्याला ऐकू आली नाही. पिशवी खाली टाकून बायको धावत आली आणि तिनं भिंतीवरचं बटणच बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की फ्रिजची गुणगुण खोलीभर झाली. "अहो, बाहेर जिन्यापर्यंत ऐकू येतंय! वेड लागलंय का?" मग तिला नानांचा लेंगा दिसला, आणि तिचा आवाज खाली आला. "अगं बाई. नाना, चला, कपडे बदलू या. असू दे, असू दे."

म्हाताऱ्यानं तळवा काढला. तो सरळ उभा राहिला. चेहरा ओला होता, पण कसा कोण जाणे, स्वच्छ दिसत होता, ओझं उतरल्यासारखा. तो म्हणाला, "ऐकलंस ना?"

खोलीत कसलाही आवाज नव्हता. आता उजव्या कानाला सगळं नीट ऐकू येत होतं. 'काय?' एवढा एक शब्द पुरेसा होता. तो शब्द घशातून वर आला, दातांपर्यंत आला, आणि तेवढ्यात त्याला म्हाताऱ्याचा लोंबणारा उजवा हात दिसला, थकलेला, सुरकुतलेला, कुणालाही मारू न शकणारा हात. आणि मान आपोआप हलली. मग आठवलं, मान हललेली या माणसाला दिसत नाही.

"पुन्हा नाही म्हणणार मी," म्हातारा म्हणाला. "एकदाच जमतं असलं. ऐकलंस?"

"हो," तो म्हणाला. "ऐकलं."

"मग झालं," म्हातारा म्हणाला. घड्याळाच्या टिकटिकीकडे वळून, काठीशिवाय, कशाला न धडकता तो बोळातून न्हाणीघराकडे गेला.

बायको फरशी पुसायला फडकं घेऊन आली. खाली वाकून पुसता पुसता तिनं विचारलं, "मी आले तेव्हा काय सांगत होते हो नाना, एवढं कानात?"

त्यानं डावा कान चोळला. अजून ओला होता. "सेट चांगला निघाला म्हणाले."

"बघा, मी म्हटलंच होतं," ती म्हणाली. फडकं पिळून ती त्याच्या डावीकडून आत जाता जाता आणखी काहीतरी बोलली, आणि तो म्हणाला, "हो."